गणपतरावांचे ११ विजय राहू दे, आधी ते २ पराभव बघ

प्रश्न असा आलाय की, काका मी २६ वर्षांचा आहे, पंचायत समितीला उभं राहायचं डोक्यात आहे, पुढं आमदारकीपर्यंत जायचंय, तर आमदाराचं करिअर नेमकं कशावर टिकतं, सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले ते कसे काय, आणि आज तसं कुणाला जमेल का.

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस. मी २३ वर्षं आमदारांचा पीए होतो. तीन आमदार झाले, एक सत्तेतला, एक विरोधातला, आणि एक असा की सकाळी कुठल्या पक्षात आहे ते पेपर बघून कळायचं. नावं सांगत नाही, अजून त्यांच्या घरच्या लग्नांना जातो मी. गणपतरावांकडं मी कधी कामाला नव्हतो हे पण आधीच सांगून टाकतो, पण आमचा भाग त्यांच्या शेजारचा, दुष्काळ एकच, पाण्याचं भांडण एकच, आणि अधिवेशनात आम्ही पीए लोक कँटीनला बसलो की कुणाचा आमदार काय करतो याच्याशिवाय दुसरा विषय नसायचा. त्यामुळं जे बघितलं ऐकलं आणि जे रेकॉर्डवर आहे त्यातनं सांगतो.

पहिलं म्हणजे ते व्हॉट्सॲपवरचं चित्र जरा बाजूला ठेव. दर निवडणुकीला फिरतं ते, ११ वेळा आमदार, एसटीनं प्रवास, पांढरा साधा शर्ट, आणि खाली लिहिलेलं असतं असा नेता होणे नाही. खोटं काहीच नाही त्यात. एसटीत पुढं "विधानसभा सदस्य" म्हणून एक सीट राखीव असते, त्या सीटवर खरोखरचा आमदार बसलेला बघायचा असेल तर गणपतराव हेच नाव निघायचं. पण पोरा, साधेपणावर माणूस एकदा निवडून येतो, लई तर दोनदा. माझ्या एका साहेबांनी पण एकदा इलेक्शनच्या आधी चार महिने एसटी धरली होती, मागनं स्कॉर्पिओ यायची रिकामी, आणि स्टँडवर उतरले की फोटोवाला तयार. लोकांना सगळं कळतं. त्या वेळी पडलेच ते. म्हणजे साधेपणा हा गुण झाला, पण ५० वर्षं मतं कशी पडली याचं उत्तर त्यात सापडत नाही.

आता हिशेब बघ. जन्म १९२६ चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. शिकून वकील झाले, शेतकरी कामगार पक्षात गेले, आणि १९६२ ला पहिल्यांदा सांगोल्यातनं आमदार झाले. मग १९६७. १९७२ ला पडले. १९७४ ला पोटनिवडणूक झाली त्यात परत आले. मग १९७८, ८०, ८५, ९० सलग. १९९५ ला पुन्हा पडले. १९९९ ला परत, मग २००४, २००९, २०१४. झाले ११. शेवटच्या वेळी वय ८८ होतं. २०१९ ला उभे राहिले नाहीत, आणि २०२१ च्या जुलैत ९४ व्या वर्षी गेले. महाराष्ट्रात ११ वेळा दुसरं कुणी नाही. देशात म्हणशील तर केरळात के. एम. माणी आणि तमिळनाडूत करुणानिधी १३ वेळा झाले, पण ते मुख्यमंत्री-मंत्री असलेली, स्वतः पक्ष चालवणारी माणसं. इथं पक्ष कुठला तर शेकाप, जो १९५२ पासून आजपर्यंत महाराष्ट्रात एकदाही स्वतःच्या जोरावर सत्तेत बसला नाही आणि दर दहा वर्षांनी आणखी थोडा आकसत गेला.

याच्यात मला शिकण्यासारखं काय वाटतं तर ते मधले दोन खड्डे, ७२ आणि ९५.

७२ चं समजायला सोपं आहे, इंदिराबाईंची लाट होती, बांगलादेशचं युद्ध जिंकून झालेलं, भल्याभल्यांचं काही चाललं नाही. पण ९५ बघ. ३३ वर्षं राजकारणात, ७४ पासून पाच वेळा सलग आमदार, आणि शहाजीबापू पाटलांनी पाडलं किती मतांनी, तर १९२. म्हणजे ९७ शिक्के इकडचे तिकडं झाले असते तरी निकाल उलटा होता. तेव्हा मतपत्रिका होत्या, ९७ शिक्के म्हणजे एका मोठ्या वस्तीवरची दोन भावक्यांची मतं. वय झालेलं ६८.

इतक्या थोडक्यानं पडलेला माणूस आतनं कसा होतो ते मी जवळनं बघितलंय. माझे दुसरे साहेब हजाराच्या आतबाहेर पडले होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं साडेसहाला मी ऑफिस उघडलं. रोज त्या वेळेला बाहेर पन्नास-साठ माणूस असायचं, कुणाला दाखला, कुणाला बदली, कुणाला दवाखान्याची चिठ्ठी, बाकडी कमी पडायची म्हणून शेजारच्या मंगल कार्यालयाच्या खुर्च्या आणल्या होत्या आम्ही. त्या दिवशी चार जण आले. त्यातला एक खुर्च्या परत न्यायला आलेला. साहेब आतल्या खोलीत बसून होते, बारा वाजता म्हणले, फोन बंद पडलाय का बघ रे. फोन चालू होता. महिन्याभरात ते पुण्याला गेले मुलाकडं, म्हणले जरा तब्येत बघतो, आणि तीन वर्षं तालुक्यात आले ते लग्नं आणि मयती एवढ्यापुरते. चौथ्या वर्षी परत सुरू केलं, पण तोवर त्यांच्याच गटातल्या दोघांना आमदार व्हायची स्वप्नं पडायला लागली होती. संपलं करिअर. एकाच पराभवात संपलं, आणि तो पराभव पण तसा मोठा नव्हता.

गणपतराव १९२ नं पडले आणि त्याच तालुक्यात राहिले. ७३ व्या वर्षी परत निवडून आले आणि पुढं सलग चार वेळा. आता ते कसं जमलं याला माझ्या मते तीन-चार कारणं आहेत आणि ती एकात एक गुंतलेली आहेत, वेगळी काढता येत नाहीत.

पद गेल्यावर बसायला जागा हवी. हे कुणी सांगत नाही पण खरं आहे. आमदार पडला की त्याचं ऑफिस रिकामं होतं कारण तिथं येण्याचं कारणच आमदारकी असतं. गणपतरावांनी सांगोल्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली होती. तालुका बघ कसला, माणगंगेच्या काठचा पण माण बारा महिने कोरडी, पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, कापसाचा तालुका तर नाहीच, आणि तिथं सूतगिरणी. लोक हसले असणार. पण ती चालली, आणि नुसती चालली नाही तर राज्यात ढीगभर सूतगिरण्या कर्जात बुडून लिलावाला लागल्या तेव्हा नीट चालणारी गिरणी म्हणून हिचं नाव घेतलं जायचं. आता यात राजकारण काय? ज्याच्या घरातली पोरं गिरणीत कामाला आहेत त्याच्या घरी माणूस आमदार असो नसो, रोजचा संबंध आहे. बाकीच्या नेत्यांचे पण कारखाने असतात म्हणशील, असतात की, पण बहुतेकांचा कारखाना म्हणजे इलेक्शनचं एटीएम असतं, आणि एटीएममधले पैसे संपले की लोक दगड मारतात. ऊस घातलेल्याचं बिल थकलं की आमदाराचं पोस्टर फाडलेलं मी स्वतः उचललंय रस्त्यावरनं.

मग सभागृह. इथं जरा थांबतो कारण हा माझा धंदा होता आणि या बाबतीत लोकांना काहीच माहिती नसते, नव्या आमदारांना पण नसते. गणपतराव मंत्री दोनदाच झाले, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद आघाडीच्या सरकारात आणि १९९९ नंतर विलासरावांच्या सरकारात, आणि तेही २००२ ला शेकापनं पाठिंबा काढल्यावर सुटलं. १९७७-७८ ला थोडा काळ विरोधी पक्षनेते होते. बाकी सगळी वर्षं विरोधी बाकावरचा, छोट्या पक्षाचा, साधा आमदार. अशा माणसाला तालुक्यासाठी काय करता येतं? तुला वाटेल काहीच नाही. पण विधानसभेची नियमावली हे एक हत्यार आहे, फक्त ते वाचायला लागतं, आणि वाचणारे २८८ मध्ये किती असतात विचारू नको.

तारांकित प्रश्न घे, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यानं प्रश्नोत्तराच्या तासात तोंडी द्यायचं असतं तो. प्रत्येक प्रश्नाची भाषा ठरलेली असते, अमुक ठिकाणी अमुक झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली काय, त्यात काय आढळून आले, नसल्यास विलंबाची कारणे काय. आणि उत्तराची भाषा पण ठरलेली, होय हे खरे आहे, अंशतः खरे आहे, हे खरे नाही, आणि सगळ्यात शेवटी लाडकं वाक्य, प्रश्न उद्भवत नाही. सगळी कला कशात आहे तर त्या "प्रश्न उद्भवत नाही"ला पळायला जागा ठेवायची नाही यात. मी नवीन असताना लिहिला होता, अमुक तालुक्यात पाणीटंचाईमुळे नागरिकांचे हाल होत आहेत हे खरे आहे काय. उत्तर आलं, अंशतः खरे आहे, टंचाई आराखड्यानुसार कार्यवाही सुरू आहे, प्रश्न उद्भवत नाही. झालं, सहा महिन्याची मेहनत पाण्यात. मग एका म्हाताऱ्या पीएनं शिकवलं, की अरे हाल काय विचारतो, आकडा विचार, तारीख विचार. पुढच्या अधिवेशनाला आम्ही एका गावाची पाण्याची टाकी धरली. टाकीचं काम जोत्यापर्यंतच झालेलं आणि ठेकेदाराचं बिल पूर्ण निघालेलं. गावातल्या एका पोरानं मोजमाप पुस्तकाची, म्हणजे एमबीची झेरॉक्स कुठनं तरी आणून दिली. प्रश्नात टाकीचा खर्च, बिलाची तारीख, एमबीचा पान नंबर सगळं घातलं. प्रश्न स्वीकृत झाल्याचं कळलं त्या रात्री साडेदहाला मला फोन, साहेबांना सांगा ना, लावून धरू नका, महिन्यात टाकी उभी करून देतो. कोण बोलत होतं ते सांगत नाही. टाकी झाली, आणि प्रश्न यादीत इतका खाली होता की तासाभरात त्याचा नंबर पण आला नाही, उत्तर नुसतं पटलावर ठेवलं गेलं.

म्हणजे बघ, सभागृहात एक शब्द न बोलता काम झालं. टीव्हीवर दिसतो तो दंगा, पायऱ्यांवरची आंदोलनं, फलक, ते सगळं मतदारसंघातल्या मोबाइलसाठी असतं. खरं काम हे असं रात्री साडेदहाच्या फोनवर होतं, आणि तो फोन आल्यावर आमदार काय मागतो, टाकी मागतो का आणखी काही, तिथं माणूस कळतो. एवढंच बोलतो त्याबद्दल.

प्रश्नाशिवाय लक्षवेधी आहे नियम १०५ ची, नियम २९३ ची चर्चा आहे, अर्धा तास चर्चा आहे, अर्थसंकल्पाला कपात सूचना आहेत. आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे आश्वासन समिती. मंत्री सभागृहात "तपासून कार्यवाही करू" असं बोलून गेला की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं, आणि पुढं समिती खात्याला विचारत राहते की काय झालं त्याचं. चिकाटीचा आमदार जुनी कार्यवृत्तं काढतो आणि पाच वर्षांमागचं वाक्य मंत्र्यासमोर ठेवतो. गणपतरावांचं नाव ज्येष्ठ म्हणून निघायचं ते नुसतं वयामुळं नाही, सत्ताधारी बाकावरचे पण त्यांचं बोलणं शांत बसून ऐकायचे, कारण हा माणूस उठला की दुष्काळ, रोजगार हमी, पाणी याच्यावर आकड्यानिशी बोलणार आणि मागच्या कुठल्या सरकारनं काय कबूल केलं होतं ते याच्या डोक्यात असणार हे माहीत असायचं. मुख्यमंत्री बदलत गेले, सचिव बदलत गेले, हा एक माणूस तिथंच. त्या सातत्याला मंत्रालयात किंमत असते, फाईल दाबणाऱ्याला पण कळतं की मी रिटायर होईन आणि हे पुढच्या अधिवेशनाला परत इथंच असतील.

पाण्याचं तेच झालं. १९९३ ला आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींनी पाणी परिषद सुरू केली, कृष्णा खोऱ्यातले १३ दुष्काळी तालुके त्यात, गणपतराव पहिल्यापासून त्यांच्या बरोबर, भारत पाटणकर पण. बच्छावत लवादानं महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेलं कृष्णेचं पाणी ३१ मे २००० च्या आत अडवायचं होतं, ती तारीख डोक्यावर होती. त्या रेट्यानं आणि त्या तारखेच्या भीतीनं १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, टेंभूसारख्या उपसा सिंचन योजना कागदावरनं जमिनीवर आल्या. आटपाडीच्या त्या परिषदांना मी दोनदा गेलोय. मांडवात उन्हाचं बसायचं, भाषणं चार-चार तास, जेवायला भाकरी आणि झुणका गावोगावनं गोळा केलेला, आणि माणसं हलायची नाहीत. पक्षाचा झेंडा कुणाचाच नाही. २५ वर्षं वर्षातनं एकदा तेच भांडण तेच लोक तेच पाणी. कंटाळवाणं वाटतं ऐकायला, पण सिंचनाची योजना म्हणजे असलंच काम आहे, भूमिपूजन एका पिढीचं आणि पाटाचं पाणी दुसऱ्या पिढीला.

आता दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर म्हणशील काका आरती ओवाळतायत. विरोधक म्हणायचे की ५० वर्षं आमदार आणि तालुक्याच्या कितीतरी गावांत अजून टँकर, मग काय केलं? हा आरोप अगदीच फेकून देण्यासारखा नाही. शिरभावी योजनेनं ऐंशीच्या वर गावांना प्यायचं पाणी दिलं, डाळिंबानं तालुक्याला पैसा दाखवला, पण शेतीचं पाणी सगळीकडं त्यांच्या हयातीत पोचलं नाही ते नाहीच. सत्तेतला आमदार असता तर लवकर झालं असतं का? कदाचित काही गावांत झालं असतं. ही किंमत आहे पक्ष न बदलण्याची, आणि ती त्यांच्याबरोबर तालुक्यानं पण मोजली. जातीचं गणित पण बोलायला पाहिजे, तालुक्यात धनगर समाज मोठा आणि ते त्याच समाजातले, याचा उपयोग झालाच. पण तेवढ्यावर ११ वेळा होत नाही, तसं असतं तर ७२ ला आणि ९५ ला जात कुठं गेली होती? २००९ ला मतदारसंघाची फेररचना होऊन पंढरपूर तालुक्यातला भाळवणी भाग सांगोल्याला जोडला, तिथं शेकापचं काही फार जुनं घर नव्हतं, तरी ते आले.

आणि सगळ्यात मोठी चूक माझ्या मते वारसाची. घराणेशाही चांगली की वाईट तो वाद वेगळा, पण ९३ व्या वर्षापर्यंत पुढचं माणूस लोकांसमोर नीट उभंच केलेलं नव्हतं. २०१९ ला नातू अनिकेत ऐनवेळी उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. कुणाकडनं? त्याच शहाजीबापूंकडनं. म्हणजे ९५ ला १९२ आणि २०१९ ला ७६८, दोन्ही वेळा हाताच्या अंतरावर आणि दोन्ही वेळा माणूस तोच.

इथं शहाजीबापूंचं पण बघ. लोकांना ते माहिती झाले २०२२ ला, गुवाहाटीच्या हॉटेलातनं फोनवर बोलले, काय झाडी काय डोंगार काय हॉटेल, आणि दोन दिवसांत त्याची गाणी झाली. पण त्याआधीचं बघ की, ९५ ला आमदार झाले आणि पुन्हा आमदार व्हायला त्यांना २४ वर्षं लागली, मध्ये पराभव खाल्ले, २०१४ ला तर पंचवीसेक हजारांनी. काँग्रेसमधनं सुरू करून शिवसेनेत आले. पक्ष बदलणारा आणि न बदलणारा, दोघांची एक गोष्ट सारखीच होती, तालुका सोडून कुणी गेलं नाही. मग २०२४ ला गणपतरावांचे दुसरे नातू बाबासाहेब शेकापकडनं उभे राहिले, तिरंगी झाली, शहाजीबापूंचा पंचवीस हजारांच्या वर मतांनी पराभव झाला. राज्यात शेकापची तेवढी एकच जागा आली. ५ वर्षांत ७६८ चा उणे पंचवीस हजाराचा अधिक कसा झाला, यावर सांगोल्यात एखाद्या डाळिंबाच्या आडतीवर जाऊन बस, तुला माझ्यापेक्षा चांगलं उत्तर मिळेल.

आज कुणाला जमेल का हे? गणपतरावांच्या काळासारखं जसंच्या तसं नाही जमणार. खर्चाची कायदेशीर मर्यादाच आता ४० लाख आहे, आणि ती मर्यादा ऐकून कुठल्याही तालुक्यातला कार्यकर्ता हसतो. आमदार निधी वर्षाला ५ कोटींपर्यंत गेलाय, त्यामुळं लोकांना आमदार म्हणजे रस्ता, सभामंडप आणि हायमास्ट देणारा ठेकेदारांचा मुकादम वाटायला लागलाय, सभागृहात काय बोलला ते कुणी विचारत नाही. आणि पक्षच उभे फुटतात, मग निष्ठा कुणाशी ठेवायची तो पण प्रश्नच. माझे तिसरे साहेब म्हणायचे, मी पक्ष बदलला नाही रे, पक्ष माझ्या खालनं सरकला.

दुसरा एक नमुना तुझ्या कामाचा आहे, तासगावचे आर. आर. पाटील. त्यांनापण आबा म्हणायचे आणि गणपतरावांना आबासाहेब, आमच्या भागात फोनवर नुसतं आबा आले म्हणलं की कुठले ते विचारायला लागायचं. आर. आर. १९७९ ला जिल्हा परिषदेत गेले आणि ११ वर्षं तिथंच घासले, मग १९९० ला आमदार. ती ११ वर्षं लोक विसरतात. १९९९ ला ग्रामविकास मंत्री झाल्यावर ग्रामस्वच्छता अभियान त्यांना सुचलं ते कुठल्या सल्लागारानं सांगून नाही, झेडपीत बसून गावाची गटारं बघितली होती म्हणून. तू पंचायत समितीचं विचारतोस म्हणून हे सांगतोय, ती पायरी फालतू नाहीये.

तर तुझ्यासाठी. आधी तुझ्या गणाचं, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघाचं, आरक्षण काय पडतंय ते बघ, त्याच्याआधी बॅनर छापू नको, आमच्या इथं एकानं ४० हजाराचे छापले आणि गण महिला राखीव पडला, आता त्या फ्लेक्सखाली त्याची कडब्याची गंजी झाकलेली आहे. पडलास तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळेला त्याच जागी बस, चार जण येऊ दे नाहीतर एक येऊ दे. पक्ष कुठला घ्यायचा ते मी सांगणार नाही. घरात आमदारकी नसताना पोट कशावर चालणार ते आधी ठरव, शेती, दुकान, वकिली, काही पण, कारण निधीच्या टक्क्यावर घर चालवायला सुरुवात केली की मग रात्री साडेदहाचा फोन वेगळ्या कारणासाठी यायला लागतो. आणि तालुक्याच्या बांधकाम उपविभागात जाऊन एकदा एमबी कशी लिहितात ते शिकून घे, कुठल्याही शाखा अभियंत्याला चहा पाजलास तर तासाभरात दाखवतो. लांबी, रुंदी, खोली, किती ब्रास, आणि खाली सही कुणाची.